‘बँडविड्थ आहे का?’ या प्रश्नात नेमकं काय विचारलेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळा मराठी माध्यमातली, डिप्लोमा करून मग इंजिनिअरिंग, आता चार महिने झाले हिंजवडीत एका सपोर्ट प्रोजेक्टवर, क्लायंट अमेरिकेतला. इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येतो. पण मीटिंग सुरू झाली की ‘सर्कल बॅक’, ‘टेक इट ऑफलाइन’, ‘लो हँगिंग फ्रूट’, ‘बँडविड्थ’ असल्या शब्दांचा मारा सुरू होतो. शब्दांची लांबलचक यादी शोधून पाठ केलीत, तरी मीटिंग संपल्यावर आपल्याला काय करायचं आहे ते कळत नाही. त्यात मॅनेजर म्हणाले, ‘ओनरशिप दिसत नाही’. आणि शेवटी विचारलंय, की हे शब्द आता मीही वापरायला लागू का?

यादी पाठ करून उपयोग झाला नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. यादीत शब्दाचा अर्थ मिळतो, आणि तुमची अडचण अर्थाच्या पुढची आहे. या शब्दांची खोड अशी, की ते वाक्यातली एखादी महत्त्वाची माहिती गाळून टाकतात. काम कोण करणार, नेमकं काय करणार, कधीपर्यंत करणार, यांतलं काहीतरी एक हमखास गायब असतं. ‘लेट्स सर्कल बॅक ऑन धिस’ म्हणजे ‘या विषयाकडे परत येऊ’. अर्थ कळला. पण कोण येणार? कधी? मीटिंगमधल्या आठही जणांना वाटतं, दुसरं कोणीतरी विषय काढेल. वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसालाही या वाक्यातून ते कळत नाही. तो फक्त लगेच विचारतो, ‘मी बुधवारी याची आठवण करू का?’ तुम्हाला शिकायचं आहे ते हे. शब्द कानावर पडला की त्यात कुठली जागा रिकामी आहे ते ओळखायचं आणि ती भरून घ्यायची.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. सर्व्हिस कंपनीत (म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या) ‘बिलेबल’, म्हणजे ज्याचे पैसे क्लायंटकडून घेता येतात असं काम, हा शब्द रोज ऐकू येतो, प्रॉडक्ट कंपनीत वर्षभरात एकदाही येणार नाही. ब्रिटिश क्लायंट ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बरेचदा ‘ठीक आहे, अजून बरं होऊ शकतं’ असं समजावं. अमेरिकन म्हणाला तर कौतुक समजावं. ‘टेबल धिस’ तर सरळ उलटं: ब्रिटिशांच्या तोंडी विषय चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या तोंडी विषय बाजूला ठेवणं. दोन्ही देशांतली माणसं एकाच कॉलवर असली तर मुरलेले लोकही गोंधळतात. त्यामुळे खाली लिहिलेलं तुमच्या टीममध्ये जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. पण तपासायचं कसं, ते सगळीकडे सारखं आहे.

‘बँडविड्थ’पासून सुरुवात करतो, कारण या शब्दावर नवीन मुलं सर्वांत जास्त अडकतात. शब्द रेडिओच्या तंत्रातला. सिग्नल जेवढ्या कंप्रतांच्या पट्ट्यात पसरतो त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. पुढे तो इंटरनेटच्या लाइनला लागला आणि तिथून माणसाला. आता ‘डू यू हॅव बँडविड्थ?’ म्हणजे ‘तुझ्याकडे वेळ आहे का?’ असं यादी सांगते. पण प्रत्यक्षात तो प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा ती सौम्य शब्दांत काम सोपवण्याची सुरुवात असते. म्हणूनच ‘यस’ म्हणणारा अडकतो आणि ‘नो’ म्हणणारा कामचुकार ठरतो. दोन्ही उत्तरांत माहिती शून्य. उत्तर तासांत आणि तारखेत द्यायचं (यातलं ‘तिकीट’ म्हणजे नोंदवलेली एकेक तक्रार किंवा काम):

‘आत्ता माझ्याकडे दोन तिकिटं चालू आहेत, उद्या दुपारपर्यंत संपतील. हे काम अंदाजे सहा तासांचं दिसतंय. उद्या दुपारनंतर घेतलं तर शुक्रवारी संध्याकाळी होईल. त्याआधी हवं असेल तर या दोनांपैकी कुठलं मागे ठेवू ते सांगा.’

हे उत्तर एवढं उपयोगी का पडतं? तुम्ही नकार दिलेला नाही, होकारही आंधळेपणाने दिलेला नाही, आणि कुठलं काम आधी हा निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे परत गेला. ‘सहा तास’ हा आकडा चुकला तरी चालतो. नवीन असताना मनात आलेल्या अंदाजाच्या दीडपट सांगा. चाचणी, रिव्ह्यू आणि परवानग्या यांत किती वेळ जातो, हे सुरुवातीला कोणाच्याच अंदाजात धरलेलं नसतं.

आता वेळ गाळणारे शब्द. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, ‘सीओबी’ म्हणजे कामकाज बंद होईपर्यंत. पण दिवस कोणाचा? न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे २:३० झालेले असतात, हिवाळ्यात ३:३०. लंडनचे ५ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे ९:३०, हिवाळ्यात १०:३०. हा एका तासाचा फरक त्यांच्या घड्याळ बदलण्यामुळे पडतो आणि दोन्ही देश एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. मधल्या आठवड्यांत ठरलेले कॉल हमखास चुकतात. म्हणून ‘ईओडी’ ऐकलं की उत्तरात वेळ आणि घड्याळ दोन्ही लिहा: ‘गुरुवार रात्री ९, भारतीय वेळ’. समोरच्याला ते चालणार नसेल तर तो तेव्हाच सांगेल, शुक्रवारी सकाळी नाही.

‘एएसएपी’ला, म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’ला, तर वेळच नसते. कोणी एएसएपी म्हटलं तर विचारा, ‘हातातलं थांबवून आत्ता घेऊ, की आजच्या दिवसात केलं तर चालेल?’ बहुतेक वेळा दुसरं उत्तर येतं. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांतच एकमत नाही. ‘बायवीकली’ आठवड्यातून दोनदाही असतं आणि दोन आठवड्यांतून एकदाही. इथे तारीख लिहायची, दुसरा इलाज नाही.

‘कोण’ गाळणारे शब्द जास्त त्रासदायक, कारण ते ऐकायला गोड असतात. ‘लेट्स’, ‘वी शुड’, ‘समवन नीड्स टू’. मराठीतही आपण ‘बघून घेऊ’, ‘करून टाकू’ म्हणतोच. ‘लूप इन’, ‘सिंक अप’, ‘अलाइन’ यांतही तेच: ‘डेटाबेस टीमला लूपमध्ये घेऊ’ म्हणजे मेल कोणी टाकायचा? नवीन माणसाने अशा वेळी दोनपैकी एक करावं. काम आपल्या आवाक्यातलं असेल तर ‘मी टाकतो मेल, आज ४ पर्यंत’ म्हणून घेऊन टाकावं. नसेल तर ‘हे कोण घेतंय, नोटमध्ये नाव लिहू का?’ एवढंच विचारावं. नोट लिहायचं काम मागून घेतलंत तर फारच उत्तम. ज्याच्याकडे नोट असते त्याला ‘नाव कोणाचं?’ विचारायचा हक्क आपोआप मिळतो, आणि तो प्रश्न कोणालाही आगाऊ वाटत नाही.

‘टेक इट ऑफलाइन’ म्हटल्यावर सगळ्यांसमोर गप्प केल्यासारखं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. तसं वाटणं साहजिक आहे, पण शब्दाचा रोख बहुधा तो नसतो. बारा माणसांच्या कॉलवर दोघांचा विषय दहा मिनिटं चालला तर कंपनीचे दोन तास जातात, एवढाच हिशेब. ‘ऑफलाइन’ म्हणजे या कॉलच्या बाहेर, ज्यांचा संबंध आहे तेवढ्यांनीच. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत तुम्ही स्वतःच मेसेज टाका: ‘मघाच्या लॉगच्या मुद्द्यावर १५ मिनिटं मिळतील का? ३ किंवा ५:३० ला मी मोकळा आहे.’ हा मेसेज गेला नाही तर विषय तिथेच मरतो आणि दोन आठवड्यांनी ‘तुम्ही सांगितलंच नाही’ असं ऐकावं लागतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. क्लायंट कॉलवर असताना आपल्याच मॅनेजरने घाईने ‘ऑफलाइन घेऊ’ म्हटलं, तर शक्यता अशी असते की तुम्ही काढलेला मुद्दा आधी आतल्या आत बोलायचा आहे. करारातली एखादी अट असेल, आधीच मागितलेली मुदतवाढ असेल. अशा वेळी तोच मुद्दा कॉलच्या चॅटमध्ये पुन्हा लिहायचा नाही. मॅनेजरला थेट फोन.

यातूनच ‘ओनरशिप’ कडे येतो, कारण तुम्हाला खरं बोचलंय ते तेच. हा शब्द इतका सैल आहे की तो वापरणाऱ्यालाही नेमकं काय हवंय ते सांगता येत नाही. पण सपोर्ट प्रोजेक्टवरच्या नव्या माणसाबद्दल हे वाक्य आलं, तर त्यामागे सहसा पुढच्या दोन-तीन गोष्टींपैकी एखादी असते. काम अडकलं हे विचारल्यावर कळतं, आपणहून कळत नाही. तिकीट दुसऱ्या टीमकडे ढकललं की त्याचं पुढे काय झालं ते पाहिलं जात नाही. किंवा काम झालं, पण वापरणाऱ्याने ‘झालं’ म्हटलंय का हे न विचारता तिकीट बंद केलं जातं.

यावर उपाय आहेत आणि ते मोजता येतात. कामाला दिलेल्या वेळेपैकी अर्धा वेळ गेला आणि काम अर्ध्यावर आलं नाही, तर त्याच क्षणी कळवा; मुदत उलटायची वाट पाहू नका. तिकीट दुसऱ्यांकडे दिलं तरी स्वतःच्या वहीत ठेवा आणि रोज एकदा त्याची अवस्था बघा. २४ तास हालचाल नसेल तर फोन करा, कारण मेलला मेल जोडत बसलं की दिवस जातात. बंद करण्याआधी वापरणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्या. हे तीन आठवडे करा, आणि त्याआधी मॅनेजरना एकदा सरळ विचारा: ‘ओनरशिपबद्दल म्हणालात, त्याचं अलीकडचं एखादं तिकीट सांगता का, म्हणजे तिथे मी काय वेगळं करायला हवं होतं ते कळेल.’ गुणाबद्दल विचारलं तर भाषण मिळतं, तिकिटाबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं.

सपोर्टमध्ये आणखी एक गल्लत होते. कानावर पडणारे सगळेच शब्द फॅशनचे नसतात, काही करारातले असतात. ‘पी-वन’ (सर्वांत तातडीचं तिकीट), ‘एसएलए’ (किती वेळात काय करून द्यायचं याचा करार), ‘आरसीए’ (बिघाडाच्या मूळ कारणाचा शोध), ‘वर्कअराउंड’ यांना तुमच्या प्रोजेक्टच्या कागदपत्रांत व्याख्या दिलेल्या असतात आणि त्या चुकल्या तर काही करारांत दंड बसतो. एसएलएमध्ये साधारणपणे दोन घड्याळं वेगळी चालतात: तिकिटाला पहिलं उत्तर किती वेळात, आणि ते सुटायला किती वेळात. तिकीट उघडून ‘बघतोय’ लिहिलंत की पहिलं थांबतं, दुसरं चालूच राहतं. बऱ्याच ठिकाणी ‘क्लायंटच्या उत्तराची वाट’ अशी अवस्था लावली की दुसरं घड्याळही थांबतं. म्हणूनच ती अवस्था खोटी लावायची नाही. नंतर लॉग, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेली नोंद, काढून बघितलं की ते स्पष्ट दिसतं, आणि तुमच्यावरचा विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला महिने जातात. ‘वर्कअराउंड’ म्हणजे तात्पुरती सोय, दुरुस्ती नव्हे. मेलमध्ये वर्कअराउंड दिला असताना ‘फिक्स्ड’ लिहिलंत तर तुम्ही चुकीचं विधान केलंत. हे शब्द मात्र खरोखर पाठ करा, पण बाहेरच्या यादीतून नाही. प्रोजेक्टचा करार किंवा रनबुक (काम कसं करायचं याची लिखित पुस्तिका) मागून घ्या, त्यातल्या व्याख्या वहीत उतरवा.

स्क्रम, स्प्रिंट, बॅकलॉग हेही याच जातीचे. स्क्रम ही टीमने छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, स्प्रिंट म्हणजे त्यातला एक टप्पा, बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी. ‘स्क्रम’ रग्बीतला, १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात टीमच्या कामाला ती उपमा दिली. ‘अजाइल’ म्हणजे असं टप्प्याटप्प्याने, बदल सामावत काम करायचा विचार; त्याचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून लिहिला. स्प्रिंट महिन्याच्या आतला, रोजची भेट १५ मिनिटांची, अशा ठरलेल्या मर्यादा स्क्रममध्ये आहेत. तुमच्याकडे ती भेट पाऊण तास चालत असेल तर तो शब्दाचा दोष नाही, वापराचा आहे. ‘स्टोरी पॉइंट’ म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज, तास नव्हेत, एवढं लक्षात ठेवलं तरी सध्या पुरेल.

एका शब्दावर मात्र थांबायला हवं, कारण त्यात नवीन माणसाचं नुकसान होतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. तो म्हणजे ‘कलिंगड’. प्रोजेक्टची अवस्था लाल, पिवळा, हिरवा अशा तीन रंगांत दाखवायची पद्धत आहे, तिला (रेड, अँबर, ग्रीन यांवरून) ‘रॅग स्टेटस’ म्हणतात. बाहेरून हिरवा आणि कापल्यावर लाल निघणारा प्रोजेक्ट म्हणजे ‘वॉटरमेलन’. तो कसा तयार होतो ते पाहा. टीममधला एकजण लिहितो, ‘८० टक्के काम झालं’. लीड ते वाचून हिरवा रंग देतो. मॅनेजर पाच हिरवे रंग बघून वर ‘ऑन ट्रॅक’ कळवतो. कोणीही खोटं बोललेलं नाही. पण पहिल्या माणसाच्या १५ तिकिटांपैकी १२ झालेली असतात आणि उरलेली ३ क्लायंटच्या फायरवॉलच्या (नेटवर्कमध्ये कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) परवानगीवर अडकलेली असतात. ती परवानगी आली नाही तर झालेली १२ सुद्धा वापरता येणार नाहीत. ८० टक्के हा आकडा बरोबर आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष पूर्ण चूक.

म्हणून टक्केवारी लिहू नका. असं लिहा:

‘१५ पैकी १२ बंद. उरलेल्या ३ ला क्लायंटच्या फायरवॉलची परवानगी लागते. विनंती सोमवारी सकाळी ११ ला पाठवली, उत्तर नाही. बुधवारपर्यंत आली तर शुक्रवारची तारीख पाळता येईल, नाही तर पुढचा मंगळवार. क्लायंटच्या नेटवर्क टीमला फोन कोणी करायचा हे आज ठरायला हवं.’

यात एकही भारी शब्द नाही, पण वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं. आणि शुक्रवारी काम झालं नाही तर हे आधीच लिहिलेलं होतं, ही तुमची ढाल. ‘पिवळा’ रंग देताना नवीन मुलं घाबरतात. घाबरू नका. वेळेत दिलेला पिवळा ही मदतीची मागणी असते. रागवारागवी होते ती शेवटच्या दिवशी उगवलेल्या लाल रंगावरून.

आतापर्यंतचा मुद्दा एका ओळीत: वेळ गाळणारा शब्द आला तर तारीख आणि घड्याळ भरा, माणूस गाळणारा आला तर नाव भरा, करारातला आला तर व्याख्या उघडून बघा.

पुढचा गट पगाराशी आणि नोकरीशी बांधलेला आहे, आणि इथे अर्थ चुकला तर खिशाला लागतं. ‘बेंचवर असणं’ म्हणजे कुठल्याही प्रोजेक्टला नाव लागलेलं नसणं. चहाच्या टपरीवर ते आरामाचं वाटतं, पण त्याला आता मोजलेली मर्यादा येऊ लागली आहे. टीसीएसने जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणात वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल काम आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस अशी अट घातली. तुमच्या कंपनीत आकडा वेगळा असेल, किंवा नसेलही; एचआरच्या पोर्टलवर धोरण शोधून वाचा. बेंचवर गेलात तर पहिल्याच आठवड्यात आपला बायोडेटा अद्ययावत करून आतल्या जागांना अर्ज सुरू करा, ‘बोलावतील’ म्हणून बसू नका.

‘मूनलायटिंग’ म्हणजे नोकरी सांभाळून दुसरीकडे पैसे घेऊन काम. २०२२ मध्ये यावरून मोठं वादळ उठलं. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ती उघड फसवणूक आहे असं म्हटलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्यांकडे काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. तर स्विगीने त्याच सुमारास अटी घालून परवानगी देणारं धोरण आणलं. म्हणजे शब्द एकच, पण तो एका ठिकाणी नोकरी घालवतो आणि दुसऱ्या ठिकाणी फॉर्म भरला की चालतो. ‘मी वीकएंडला छोटं फ्रीलान्स करतो’ हे सहज बोलण्याआधी नेमणूकपत्रातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम वाचा.

‘पीआयपी’ म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा. कुठे ती खरोखर सुधारण्याची संधी असते, कुठे बाहेर काढण्याआधीची कागदोपत्री पायरी. बाहेरून ओळखता येत नाही. फरक कळतो तो निकषांवरून. ‘संवाद सुधारावा’ असं लिहिलं असेल तर धोका, ‘पुढच्या ३० दिवसांत रोज किमान ४ तिकिटं एसएलएच्या आत’ असं असेल तर मोजता येतं. सही करण्याआधी मेलवर विचारा: निकष कोणते, मोजणार कोण, आढावा कोणत्या तारखांना. उत्तर तोंडी आलं तरी त्याचा गोषवारा मेलने परत पाठवून ठेवा. आणि त्याच दिवशी बाहेर अर्ज सुरू करा; एकीकडे सुधारणं आणि दुसरीकडे शोधणं यात काही विरोध नाही. ‘राइटसायझिंग’, ‘रॅशनलायझेशन’ यांचा अर्थ माणसं कमी करणं. ‘ड्राय प्रमोशन’ म्हणजे पद वाढलं, पगार नाही. हे गोड शब्द ऐकले की लगेच आकडा विचारायचा.

आता समाजमाध्यमांवरचे शब्द. ‘ग्रेट रेझिग्नेशन’ हे नाव मे २०२१ मध्ये अँथनी क्लॉट्झ या अमेरिकन प्राध्यापकांमुळे पसरलं. ‘क्वाएट क्विटिंग’ जुलै २०२२ च्या सुमारास टिकटॉकवरून. अर्थ एवढाच, की नेमून दिलेलं काम करायचं, त्याहून जास्त नाही. यात ‘क्विटिंग’ कुठे आहे? आठ तासांच्या पगारात आठ तास काम करणाऱ्याला सोडून जाणारा ठरवणारा हा शब्द मला अन्यायाचा वाटतो, आणि तुम्ही तो स्वतःबद्दल गमतीतही ऑफिसच्या चॅटवर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चॅट जपून ठेवलेलं असतं, लिहितानाचा सूर जपलेला नसतो.

एआयमुळे आलेले दोन शब्द मात्र माहीत असायला हवेत. ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द एआय क्षेत्रातले संशोधक आंद्रेई कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला: आपण सांगायचं, यंत्राने कोड लिहायचा, आणि कोडकडे फारसं बघायचंच नाही. कच्चा नमुना करायला ठीक. क्लायंटच्या चालू यंत्रणेवर नाही, कारण रात्री २ वाजता ते बंद पडलं तर आतलं कोणालाच माहीत नसतं. ‘वर्कस्लॉप’ सप्टेंबर २०२५ मधला: एआयने बनवलेला, दिसायला नीटनेटका पण आतून पोकळ अहवाल, जो वाचणाऱ्यालाच निस्तरावा लागतो. आरसीए लिहिताना हा मोह फार होतो. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्यातली प्रत्येक वेळ आणि प्रत्येक सर्व्हरचं नाव लॉगशी जुळवून बघणं. जी ओळ लॉगमध्ये दाखवता येत नाही, ती काढून टाका.

उलट बाजूही आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. आपलेही शब्द त्यांना कळत नाहीत. ‘प्लीज रिव्हर्ट’ आपण ‘उत्तर द्या’ या अर्थाने लिहितो. अमेरिकन वाचतो ‘पूर्वीसारखं करा’. कोडबद्दलच्या मेलमध्ये हे लिहिलंत तर तो खरोखर बदल मागे घेऊ शकतो, कारण कोडमधले बदल सांभाळणाऱ्या ‘गिट’ या साधनात ‘रिव्हर्ट’ या आज्ञेचा अर्थ तोच आहे. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे ‘मला शंका विचारायची आहे’. तिकडे ‘मला हे पटत नाही’. इथे ‘क्वेश्चन’ लिहा. ‘प्रीपोन’ (ठरल्या वेळेच्या आधी घेणं) आपल्याकडे सर्रास चालतो, तिकडे बऱ्याच जणांना नवा असतो. ‘डू द नीडफुल’ (जे गरजेचं आहे ते करा) तर आपल्याच सरकारी पत्रांतल्या ‘उचित कार्यवाही व्हावी’चा भाऊ आहे, आणि त्यात कार्यवाही कुठली तेच लिहिलेलं नसतं. म्हणजे माहिती गाळणारे शब्द आपल्याकडेही पूर्वीपासून आहेत. तुम्हाला ते खटकत नाहीत कारण ते सवयीचे आहेत. त्यांचेही एका वर्षात सवयीचे होतील.

मग मी वापरू का? ऐकताना सगळे ओळखा, बोलताना थोडे वापरा, लिहिताना जवळजवळ टाळा. टीममध्ये मराठीत बोलताना ‘पिंग कर’, ‘लूपमध्ये ठेव’, ‘पेपर टाकले’ हे आपोआप येतील, येऊ द्या. त्याने मराठी बुडत नाही. कामाच्या जागेची बोली अशीच बनते. पण क्लायंटला लिहिताना ‘लेट्स सिंक अप टू अलाइन’पेक्षा ‘कॅन वी टॉक ॲट ७ पीएम आयएसटी अबाउट द लॉगिन एरर?’ हे केव्हाही सरस. छोटी वाक्यं आणि आकडे, याने इंग्रजी कच्चं दिसत नाही.

शेवटी तुमच्या यादीऐवजी काय ठेवायचं, ते. एक साधी वही घ्या. नवा शब्द ऐकला की शब्द एकटा लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, कोण बोललं ते लिहा, आणि पुढची ओळ रिकामी सोडा. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये किंवा गूगल मीटमध्ये बोललेलं अक्षरांत दाखवायची सोय आहे, ती चालू केलीत तर वाक्य सुटणार नाही. दोन-तीन दिवसांनी त्या रिकाम्या ओळीत लिहा, की प्रत्यक्षात पुढे काय घडलं. ‘“लेट्स रिव्हिजिट” – क्लायंटची मॅनेजर – नंतर विषय निघालाच नाही.’ ‘“लेट्स रिव्हिजिट” – आपला लीड – सोमवारी सकाळी विचारलं.’ अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमच्या लक्षात येईल, कोणाच्या तोंडी कुठला शब्द म्हणजे नकार आणि कोणाच्या तोंडी तोच शब्द म्हणजे तारीख. पहिली नोंद मॅनेजरच्या ‘ओनरशिप’ची करा, आणि तिच्याखालच्या ओळीत ते कुठल्या तिकिटाबद्दल बोलत होते ते त्यांना विचारून लिहा.